एक तोंड की दोन: गर्भाच्या यकृतशिरांच्या कामाच्या नोंदी

५ जून

माझ्या थिसिसचा सिनॉप्सिस, म्हणजे कामाचा आराखडा, मंजूर होऊन इथे बेळगावात आला, दोन शेऱ्यांसकट. विषय वाचताना साधा वाटतो: मानवी गर्भाच्या यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या शिरा किती असतात, कुठे एकत्र येतात आणि अधोमहाशिरेत (खालच्या अंगाचं रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर, आमच्या रोजच्या बोलण्यात आयव्हीसी) कशा उघडतात. पुस्तकातलं चित्र तीन मोठ्या शिरांचं: उजवी, मधली, डावी. मधली आणि डावी बहुतेक यकृतांत शेवटच्या टप्प्यात एकमेकींना मिळतात आणि एकाच तोंडाने उघडतात. या "बहुतेक"वर माझं वर्ष जाणार असं दिसतंय.

शेरा पहिला: संमतीपत्र कन्नड-इंग्रजीबरोबर मराठीतही हवं. शेरा दुसरा: काम संपल्यावर नमुन्यांचं काय करणार ते स्पष्ट लिहा. दोन्ही रास्त.

माझ्या गाइड मॅडम म्हणाल्या, "मराठी तूच कर. खानापूरकडची आहेस, तुझी भाषा बायकांना कळेल."

गर्भ घ्यायचे ते फक्त मृत जन्मलेले, किंवा १९७१ च्या कायद्याप्रमाणे झालेल्या गर्भपातातले. आईची लेखी संमती असेल तरच. वरून व्यंग दिसत असेल तर घ्यायचा नाही, कारण आपल्याला सर्वसाधारण बाळांमधला फरक बघायचाय.

९ जून

संमतीपत्राचा मराठी मसुदा केला. "यकृत" लिहिलं तर निम्म्या जणींना कळणार नाही, म्हणून सोपं करायला गेले आणि लिहिलं "काळीज". लेबर रूमच्या सिस्टर चंदगडकडच्या. त्यांनी वाचलं आणि कागद परत माझ्या हातात ठेवला.

"डॉक्टर, तुम्ही बाळाचं काळीज काढून घेणार असं लिहिलंय. कुठली आई सही करील?"

खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे लिव्हर. घरात काळीज म्हणजे ते नव्हे, हे मला सुचू नये? लहानपणी आजी "काळजाचा तुकडा" म्हणायची तेव्हा तिच्या डोक्यात पित्त नक्कीच नव्हतं. कन्नड प्रतीत "पित्तजनकांग" असा शब्द आहे. तोही घरात कुणी बोलत नाही, पण निदान काळजाला हात घालत नाही. शेवटी सरळ "लिव्हर" लिहिलं. येळ्ळूरपासून जांबोटीपर्यंत कुणालाही कावीळ झाली की सगळे लिव्हरच म्हणतात.

अजून एक बदल. पत्रात कुठेही "नमुना" नाही, सगळीकडे "बाळ". या वहीत मात्र न-१, न-२ असंच. नाव, गाव, केसपेपर नंबर काही इथे यायचं नाही.

१७ जून

सराव बकऱ्याच्या लिव्हरवर. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण खाटीक लिव्हर काढतो ते आयव्हीसी कापूनच. त्याच्या दृष्टीने ती एक नळी, टाकायचीच. तीन दिवस सांगून झालं. चौथ्या दिवशी स्वतः सकाळी साडेसहाला जाऊन उभी राहिले. म्हटलं, काका, मागची नळी ठेवा, आणि वरचा पडदा तळहाताएवढा तरी लिव्हरला चिकटलेला असू दे. त्यांनी कापता कापता विचारलं, "भाजी कशी लागते म्हणे त्या नळीची?"

बकऱ्याच्या यकृताची पाळ्यांची रचना माणसासारखी नाही, त्यामुळे शिरांचा नकाशा शिकायला ते कुचकामी. पण हात शिकतो. मुख्य गोष्ट कळली ती ही: यकृत कापलं की काही भोकं उघडी राहतात आणि काही मिटतात. उघडी राहणारी हिपॅटिक व्हेनची, म्हणजे रक्त बाहेर नेणाऱ्या शिरेची. तिची भिंत पातळ, पण आजूबाजूच्या मांसाला चिकटलेली, त्यामुळे ती आ वासून बसते. पोर्टल व्हेन, म्हणजे रक्त आत आणणारी, एकटी कधीच नसते. धमनी आणि पित्तनलिका तिच्याबरोबर एकाच पांढुरक्या खोळीत असतात आणि ती खोळ मांसापासून सुटी सरकते. खोळीवर अजून ग्लिसनचं नाव आहे. त्याचं यकृतावरचं पुस्तक १६५४ चं.

मॅडम म्हणाल्या, गर्भात ही खोळ अगदीच झिरझिरीत असते, बकऱ्यावरचा आत्मविश्वास तिथे आणू नकोस.

२४ जून

शिरा रंगाने भरून उठून दिसाव्यात म्हणून केलेला रबर लेटेक्सचा पहिला प्रयोग फसला. लेटेक्समध्ये निळा रंग कालवला, सुई आयव्हीसीत बांधली, दाबलं. दोन मिलिलिटर गेलं आणि पुढे हलेना. उघडून बघते तर कॅन्युलाच्या टोकाशीच चिंगमसारखा गोळा.

कारण मूर्खपणाचं. लेटेक्स बाटलीत पातळ राहतं ते अमोनियामुळे. फॉर्मॅलिनने भिजलेल्या शिरेत गेलं की जागीच साकळतं. आधी शिरा पाण्याने भरपूर धुवायच्या, मग पातळ अमोनियाच्या पाण्याने, आणि मग लेटेक्स. सगळं भरून झालं की वरून ॲसेटिक ॲसिड, म्हणजे घट्ट होतं.

"भरपूर पाण्याने" इथेच गाडी अडली. पाऊस लांबलाय, राकसकोपचं पाणी खाली गेलंय, गावात पाणी आठवड्यातून कधी येईल ते सांगता येत नाही. अटेंडर मामांनी दारातूनच हात हलवला, "नीरु इल्ला, अक्का." मग दोघांनी मिळून हॉस्टेलच्या टाकीवरून चार कॅन आणले. मामा माझ्याशी अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलतात, मीही तसंच. दोघांचंही व्याकरण चुकतं, पण बाटल्या बरोबर जागी जातात.

३ जुलै

न-१. विच्छेदनाच्या ट्रेवर कापड अंथरलं तेव्हा हात थांबला. मामांना ते कळलं असावं. ते सांगायला लागले की २०१० साली बेळगावातच डॉ. महांतेश रामण्णवरांनी स्वतःच्या वडिलांच्या देहाचं विच्छेदन विद्यार्थ्यांसमोर केलं होतं, वडिलांची तशी इच्छा होती म्हणून. "ते मुलगा असून केले. तुम्ही डॉक्टर." मामांचा युक्तिवाद पूर्ण नव्हता, पण उपयोगी पडला.

डोकं ते ढुंगण १९० मिमी, पाऊल ३९ मिमी. पोट उघडल्यावर पहिली नजर यकृतावरच जाते, कारण दुसरं फारसं काही दिसतच नाही. नवव्या-दहाव्या आठवड्यात यकृत शरीराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढं असतं, जन्माच्या वेळी विसाव्या. रक्त तयार करायचं काम त्या काळात त्याच्याकडे असतं. डावी पाळी मोठ्या माणसाच्या मानाने केवढी तरी. नाळेतून आलेलं ताजं रक्त मुख्यतः तिलाच मिळतं. जन्मानंतर नाळ बंद झाली की हा लाड संपतो.

आणि मग मी घोळ घातला. यकृत बाहेर काढताना श्वासपटलाच्या अगदी खालून कात्री चालवली. मोठ्या देहावर हात बसलेला, तिथे बोटभर जागा असते. इथे तिन्ही शिरांची तोंडं श्वासपटलाला टेकलेली असतात. कात्री तोंडांमधूनच गेली. उजव्या शिरेचा अर्धा काठ शिल्लक, बाकी नाही.

मॅडमना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. "पुढच्यापासून श्वासपटलाचा तुकडा आणि हृदयाचा तळ यकृताबरोबरच काढायचा. हे आत्ताच वहीत लिही." लिहिलं.

११ जुलै

न-२. डोकं ते ढुंगण २३० मिमी, पाऊल ५० मिमी. मापांवरून वय काढायच्या तक्त्याप्रमाणे २४ आठवडे. केसपेपरवर २६. न-१ चंही तसंच होतं: तक्ता २०, केसपेपर २२. मी शेरा लिहिला, "दोन्ही गर्भांची वाढ खुंटलेली", आणि मनात एक परिच्छेदही जुळवला, की आपल्या भागातलं कुपोषण वगैरे.

ज्युनिअरने चहा पिता पिता विचारलं, "तक्ता कधीपासून मोजतो, शेवटच्या मासिक पाळीपासून की गर्भधारणेपासून?"

गर्भधारणेपासून. केसपेपर पाळीपासून. दोन आठवड्यांचा फरक तिथेच. परिच्छेद खोडला. आता प्रोफॉर्मात वयासाठी दोन रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर कशापासून मोजलं ते लिहिलंय. ज्युनिअरला एक मिसळ लागू.

२२ जुलै

पाऊस आला तो असा आला की खानापूरची बस तीन तास उशिरा. काम बंद, वाचन सुरू. फरक का होतात हे नीट समजून घ्यायला बसले.

चौथ्या आठवड्यात यकृताचा कोंब आतड्यातून फुटतो आणि शेजारच्या शिरांमध्ये घुसतो. त्या शिरा दोन जोड्यांच्या: गर्भाच्या अन्नपिशवीकडून (योक सॅक) येणाऱ्या आणि नाळेकडून येणाऱ्या. यकृताच्या पेशी त्यांना फोडून त्यांची जाळी करून टाकतात. जाळीच्या खालच्या अंगाने रक्त आत येतं, ती पुढे पोर्टल. वरच्या अंगाने हृदयाकडे बाहेर पडतं, ती पुढे हिपॅटिक. सुरुवातीला बाहेर पडायला उजवीकडे आणि डावीकडे असे दोन मार्ग असतात. डावा हळूहळू मिटतो आणि डावीकडचं रक्त उजवीकडे वळतं. उजव्या मार्गाचा आयव्हीसीचा यकृतामागचा तुकडा होतो. नाळशिरांचंही असंच, पण उलटं: उजवी नाहीशी होते, डावी टिकते.

म्हणजे मूळ आराखडा जाळ्याचा, आणि जाळ्यातल्या कुठल्या वाटा रुंद होतील ते वाहत्या रक्तावर. आमच्या गावाकडे नवी पाणंद कशी पडते? आधी सगळे शेताच्या कडेने कुठूनही जातात, मग एका वाटेवर जास्त पावलं पडतात, बाकीच्यांवर गवत. पण गवताखाली जुनी वाट असतेच. एखाद्या यकृतात मागच्या-खालच्या भागातून एक वेगळी शीर थेट आयव्हीसीत जाते, तीही अशीच मागे राहिलेली वाट. "विकृती" हा शब्द मी या कामात वापरणार नाही.

उजवी नाळशीर कधीकधी टिकते आणि डावी जाते. अशा वेळी ती पित्ताशयाच्या उजव्या अंगाने आत शिरते. प्रत्येक नमुन्यात ही जागा बघून "नाही" लिहायचं. आहे तेवढंच लिहिलं तर पुढच्या माणसाला कळणार नाही की आपण बघितलं तरी होतं का.

५ ऑगस्ट

न-३. आजवरचं सगळ्यात स्वच्छ काम. श्वासपटल, हृदयाचा तळ, सगळं एकसंध. दात घासायच्या लहान मुलांच्या ब्रशने आणि बारीक चिमट्याने मांस काढत गेले. फॉर्मॅलिनमधलं गर्भाचं यकृत कुंद्यासारखं, आमच्या बेळगावी मिठाईसारखं, दाणेदार सुटतं. हे लिहायला नको होतं, आता मला कुंदा जाणार नाही.

डावी आणि मधली शीर आयव्हीसीच्या जरा आधी जुळताना स्पष्ट दिसली. लिहिलं: "सामाईक खोड, १." संध्याकाळी मॅडमनी त्याच नमुन्यावर, माझा कागद न बघता, लिहिलं: "दोन वेगळ्या शिरा."

आधी वाटलं, त्यांनी घाईत बघितलं. मग त्यांनी मला भिंगाखाली बसवलं आणि आयव्हीसी मागच्या बाजूने उभी चिरून आतून दाखवली. बाहेरून दोन्ही शिरा चिकटून एक झालेल्या दिसतात. आतून त्यांच्यामध्ये एक पातळ पडदा आहे, आणि तो जवळजवळ आयव्हीसीच्या भिंतीपर्यंत येतो. बाहेरून एक, आतून दोन.

"मग खरं काय?" मी विचारलं.

"आधी ठरव, एकत्र कशाला म्हणतेस. मग खरं काय ते सापडेल."

रात्री जे पेपर पाठ झाल्यासारखे वाटत होते ते परत काढले. मोठ्या माणसांवरचे, कुणी विच्छेदनातून, कुणी सीटी स्कॅनवरून, कुणी सोनोग्राफीवरून. सामाईक खोड किती जणांत, याचे आकडे एकमेकांपासून बरेच लांब. मी आत्तापर्यंत समजत होते की लोक वेगवेगळे म्हणून आकडे वेगळे. त्यातलं किती यकृतांमुळे आणि किती "एकत्र"च्या व्याख्येमुळे, हे कागदावरून कळायला मार्ग नाही.

१२ ऑगस्ट

आठवडाभर मॅडम, ज्युनिअर आणि मी फक्त यावर भांडलो.

त्या पडद्याला आम्ही "दुभाजक" म्हणायला लागलो, हायवेवरून सुचलं. दोन रस्ते कुठे मिळाले म्हणायचे? दुभाजक संपतो तिथे. ठीक. पण आयव्हीसी कुठून सुरू होते? गर्भात ती श्वासपटलाखाली नरसाळ्यासारखी रुंद होते, आणि शिरा त्या नरसाळ्याच्या उतारावर उघडतात. उतार कुठे संपला आणि शीर कुठे सुरू झाली, त्याला रेघ मारलेली नसते.

मिलिमीटरची अट चालत नाही. दोन मिलिमीटरचं खोड १८ आठवड्यांच्या गर्भात लांबलचक, ३४ आठवड्यांच्यात नगण्य. शेवटी ठरलेला नियम असा. आयव्हीसी मागून मध्यरेषेवर उघडायची. तिच्या आतल्या भिंतीची रेघ शिरांच्या तोंडावरून सरळ पुढे ओढली असं धरायचं. त्या रेघेपासून दुभाजकाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजायचं. ते त्याच जागच्या आयव्हीसीच्या रुंदीच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त असेल तर "सामाईक खोड". दुभाजक रेघेला टेकला तर "वेगळ्या". मधलं काही असेल तर "तोंड एक, खोडं दोन" असा तिसरा वर्ग. चौथा हिस्साच का? कारण कुठेतरी थांबायला हवं होतं. थिसिसमध्ये हे असंच लिहायला मॅडमची परवानगी मिळाली, भाषा जरा बरी करून.

न-३ तिसऱ्या वर्गात. मी आणि मॅडम दोघीही चुकलो, किंवा दोघीही बरोबर.

नियम मागे लावायचा तर न-१ चं काहीच करता येत नाही, तिथे रेघ ओढायला भिंतच उरलेली नाही. न-१ यादीतून बाद. कारण कात्री, आणि ते तसंच लिहिणार. "नमुना खराब निघाला" असं नाही.

२८ सप्टेंबर

गणपतीत पंधरा दिवस काम नाही. न-४ चं बाहेरून विच्छेदन पूर्ण, आतून सामाईक खोड. अंतर आणि रुंदी मोजून बघितली, अट पार होते, पण जेमतेम.

आईचा फोन. "जेवलीस की नाही गं, का त्या वासातच बसूलीस?" वास आता मला येत नाही, इतरांना माझा येतो. बसमध्ये शेजारची बाई उठून पुढे गेली.

१४ ऑक्टोबर

न-५. पाळीपासून ३० आठवडे. हा मुद्दाम दोन रंगांत भरला: नाळशिरेतून पिवळा, आयव्हीसीतून निळा. हिपॅटिक शिरांना झडपा नसतात, म्हणून उलट दिशेनेही लेटेक्स आत जातं. यावेळी धुण्यात कसर केली नाही.

पिवळा रंग नाळशिरेतून पोर्टलच्या डाव्या फाट्यात गेला आणि तिथून समोर, डक्टस व्हेनोससमध्ये. ही गर्भातली आडवाट: यकृताच्या जाळ्यात न शिरता नाळेचं थोडं रक्त सरळ हृदयाकडे पळवते. तिची सुरुवातीची मान इतकी अरुंद की १८ आठवड्यांच्या सुमारास साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे २६ नंबरची सुई जेमतेम जाईल एवढी. अरुंद असल्यामुळेच रक्ताला वेग येतो, आणि त्या वेगावर ते उजव्या कर्णिकेतून पलीकडे डावीकडे उडी मारतं आणि मेंदूपर्यंत ताजं पोचतं. सोनोग्राफीवाले बाळ गुदमरतंय का बघायला हिचाच प्रवाह तपासतात. जन्मानंतर ती मिटते आणि तिची दोरी होते.

पुस्तकात ती आयव्हीसीत उघडते. न-५ मध्ये पिवळी रेघ आयव्हीसीपर्यंत पोचलीच नाही. ती डाव्या हिपॅटिक शिरेच्या शेवटच्या टोकात शिरली होती, आणि तिथे पिवळा-निळा मिसळून हिरवा झाला होता. भिंगाखाली तो हिरवा ठिपका बघून मी मामांना हाक मारली. त्यांनी बघितलं, मान डोलावली. "छान आहे. पण हिरवा कशाला भरला?"

ठिपक्यापेक्षा मोठी अडचण पुढे. मी "सामाईक खोड" म्हणून मोजलेल्या जागी आता तीन नळ्या येतात: डावी, मधली आणि डक्टस. डक्टस मिटल्यावर, म्हणजे जन्मानंतर, हीच जागा दोन शिरांचं खोड दिसेल आणि कदाचित आखूडही. मग गर्भातल्या खोडाची तुलना मोठ्या माणसाच्या खोडाशी करायची कशी? मी तर थिसिसच्या शेवटी तोच तक्ता करणार होते. तक्ता काढला. त्याऐवजी डक्टस कुठे उघडते याचा स्वतंत्र रकाना. आधीच्या नमुन्यांमध्ये रंग एकच भरलाय, तिथे धागा घालून तपासावं लागेल.

१ नोव्हेंबर

कर्नाटक राज्योत्सवाची सुट्टी. सकाळी ध्वज, लाल-पिवळे झेंडे, मोटारसायकली. दुसरीकडे महाराष्ट्रात जायचं म्हणणारे काळ्या फितीवाले, त्यांत माझे काकाही. दोन्हींकडून चन्नम्मा चौक टाळून डिपार्टमेंटला आले. मामांच्या खिशाला राज्योत्सवाचा बिल्ला होता. त्यांनी कुलूप उघडलं, किल्ली दिली आणि म्हणाले, "तुमचे काका घोषणा देतात, आवाज चांगला आहे." मग दोघेही आपापल्या कामाला.

न-६. उजव्या बाजूला मुख्य उजवी शीर बारीक निघाली. संशय आला म्हणून यकृत उलटं केलं, मागून आयव्हीसीच्या उजव्या काठाने खाली खाली गेले, आणि बरीच खाली एक ठसठशीत तोंड सापडलं. मागच्या-खालच्या उजव्या भागाची स्वतंत्र शीर. मुख्य उजवी जेवढी लहान, तेवढी ही मोठी, हे वाचलं होतं. हातात पहिल्यांदाच आलं. रक्ताला शेवटी बाहेर पडायचं असतं, एका दाराने नाही तर दुसऱ्या.

१९८९ साली ब्रिस्बेनमध्ये आईच्या यकृताचा तुकडा बाळाला बसवून पहिलं यश आलं, तेव्हापासून कुठली शीर कुठे उघडते हा निव्वळ पुस्तकी प्रश्न राहिलेला नाही. उजवा भाग काढणाऱ्या सर्जनला ही खालची शीर आधी माहीत नसेल तर तेवढा भाग तुंबतो.

त्याच आयव्हीसीच्या पुढच्या भिंतीवर शेपटीच्या पाळीतून (यकृताच्या मागच्या अंगाची छोटी पाळी, कॉडेट लोब) येणारी बारीक तोंडं चार मोजली, मग पाच, मग परत चार. पाचवं बहुधा चिमट्याचं टोक लागून झालेलं. चार लिहिलं.

१८ नोव्हेंबर

लेबर रूमच्या सिस्टरनी निरोप दिला. संमती दिलेल्या एकीच्या सासूबाई दुसऱ्या कुणाला घेऊन ओपीडीत आल्या होत्या, जाता जाता विचारून गेल्या, "आमच्या बाळाचं काम झालं काय हो?"

पत्रात लिहिलंय की मागितलं तर परत देऊ, नाहीतर जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सन्मानाने विल्हेवाट. "विल्हेवाट" हा शब्द पत्रात राहून गेलाय, तो पुढच्या प्रतीत बदलायचा. त्यांना परत हवंय का, ते सिस्टरना विचारायला सांगितलं. उत्तर आलं: नको, फक्त झालं का एवढंच कळवा. नंबर माझ्याकडे नाही, असूही नये. सिस्टर कळवतील. कुठला न होता तेही मी विचारलं नाही.

२ डिसेंबर

न-७ आणि न-८ पूर्ण. न-७ मध्ये दुभाजक रेघेला टेकलेला, तिन्ही शिरा वेगळ्या, डक्टस थेट आयव्हीसीत. न-८ पुस्तकातल्या चित्रासारखा, काही लिहिण्यासारखं नाही. सात हातात आले त्यातलं हे एक चित्राबरहुकूम. मॅडमनी बजावलंय, सातावर टक्केवारी काढायची नाही, निदान तीसेक होईपर्यंत तरी. ज्युनिअरने तरीही मोबाईलवर काढली. मी बघितली नाही. खरं सांगायचं तर बघितली, पण लिहिणार नाही.

१६ डिसेंबर

मॅडमच्या सांगण्यावरून स्वतःचीच परीक्षा. ज्युनिअरने सातही बरण्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून क्रम बदलला. मी जुने कागद न बघता सगळ्यांचं वर्गीकरण परत केलं. सकाळी नऊ ते दुपारी तीन. मध्ये मामांनी भडंग आणलं, हात धुऊन बाहेर ओट्यावर बसून खाल्लं.

सहा जुळले. न-४ जुळला नाही. सप्टेंबरात "सामाईक खोड", आज "तोंड एक, खोडं दोन". दुभाजक तोच, कॅलिपर तोच. मी रेघ किंचित आत ओढली, एवढंच. मॅडमनी तिसऱ्यांदा बघायला नकार दिला. "मी बघितलं की तू माझंच लिहिशील." दोन्ही वाचनं तारखेसह रकान्यात ठेवली आहेत, फोटो दोन्ही.

न-९ साठी संमती आली आहे. ११ नंबरची ब्लेड संपलीत, उद्या खडेबाजारातून आणायची.